सूनबाई, हे जरा धर

मुसाफारे गेले त्या सकाळी सेकाईच्या मनात पहिला विचार आला तो सासऱ्यांचा नव्हता, स्वतःचा होता. विचार असा होता: 'मेले! आता माझी पाळी.' आणि लगेच तिची तिलाच लाज वाटली. माणूस अजून गार झालेला नाही आणि हिला पडलीय स्वतःची.

पाळी मरायची नव्हे, त्याला अजून अवकाश होता. पाळी नकलेची. आमच्या गुटू तालुक्यात सुनेने आयुष्यभर सासऱ्यासमोर गुडघे टेकून बोलायचं. नजर खाली, हाताची हलकी टाळी, आवाज चुलीतल्या राखेसारखा. आणि सासरा मेला की त्याचाच कोट अंगात घालून, त्याचीच टोपी डोक्यावर चढवून, भरल्या अंगणात त्याची नक्कल करायची. चालायचा कसा, खोकायचा कसा, कुणावर खेकसायचा कसा, सगळं आलं पाहिजे. माणसं पोट धरून हसली की मयताला वाट मोकळी. नाही हसली, तर लोक घरी जाताना म्हणतात, "कुणा परक्याला पुरून आलो बुवा." हे काम थोरल्या सुनेचं. आणि मुसाफारेंची थोरली सून सेकाई.

अडचण एवढीच होती, की सेकाईला काहीही येत नसे.

हे ती विनयाने म्हणत नसे. विनय करायला आधी काहीतरी असावं लागतं. तिच्या गळ्यात सूर नव्हता, पायात ताल नव्हता. साझा ढवळायला बसली की मक्याचं पीठ जणू तिला बघूनच गुठळ्या धरायचं, एखाद्या दिवशी ताटात गुठळी आली नाही तर तगारिरा, तिचा नवरा, मान वर करून विचारायचा, "आज कुणी केलाय?" नदीपलीकडच्या शाळेत ती भूगोल शिकवायची. खंडातल्या सगळ्या नद्यांचे उगम तिला तोंडपाठ होते, पण बाजारातून परत येताना दर दोन खेपांतून एकदा ती वाट चुकून भलत्याच्याच अंगणात उभी राहायची आणि मग आपण मुद्दाम खुशाली विचारायला आलोय असा चेहरा करून पाणी पिऊन निघायची. त्या घरांत तिची फार अगत्याची बाई म्हणून ख्याती होती.

नाव तरी काय, सेकाई! म्हणजे 'हसा, हसून घ्या'. तिच्या आईने ते नणंदांना टोमणा म्हणून ठेवलं होतं. आमच्याकडे पोरांची नावं ही अशीच शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळवायचे निरोप असतात. नणंदा यथावकाश हसायच्या थांबल्या. पोरगी मात्र जन्मभर तो निरोप गळ्यात घालून फिरत राहिली.

आणि अशा बाईला नक्कल करायची होती कुणाची, तर मुसाफारेंची! ज्या माणसाला सगळं येत होतं त्याची.

मुसाफारे सुतार होते. न्हावी होते. रेडिओ दुरुस्त करायचे, दात उपटायचे, बैलांचे सुजलेले खूर बघायचे, मधमाश्यांना घरं करून द्यायचे, पोरांच्या चेंडूच्या सामन्यात शिट्टी वाजवायचे, विहीर कुठे खणावी ते जमिनीला कान लावून सांगायचे. शनिवारी पितरांच्या जागरणात म्बिरा वाजवायचे, अंगठ्यांनी लोखंडाच्या पट्ट्या अशा छेडायचे की म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. आणि रविवारी सकाळी धुतलेला सदरा घालून देवळात ढोल बडवायचे. पाद्रीबाबा म्हणायचे, "मुसाफारे, दोन मालकांची चाकरी होत नसते." मुसाफारे म्हणायचे, "बाबा, दोघंही अजून कुरकुरले नाहीत. तुम्हीच तेवढे कुरकुरताय."

आता खरं सांगायचं तर सगळं येत होतं म्हणजे बरंचसं येत होतं. त्यांनी दुरुस्त केलेला रेडिओ बोलायचा, पण उन्हात ठेवला तरच. त्यांची खाट मजबूत असायची, चौथ्या पायाखाली वीट सारली की. म्हाताऱ्या चेंजेराईचा त्यांनी दात उपटला तो चांगला होता. किडका तसाच राहिला. चेंजेराई बोंबलत आला तेव्हा मुसाफारे म्हणाले, "तो चांगला आधी काढल्याशिवाय किडक्याला हात कसा पोचणार? बस, आ कर." चेंजेराई बसला. गावात दुसरं कुणी दात काढत नव्हतं, आणि दुसऱ्या कुणाकडे तोंड उघडल्यावर इतक्या गोष्टी ऐकायला मिळत नव्हत्या.

"एक ना धड, भाराभर चिंध्या!" त्यांची धाकटी बहीण मुचानेता म्हणायची. ही घरातली आत्याबाई. आमच्याकडे आत्या म्हणजे घरची पोलीस, कोर्ट आणि तुरुंग तिन्ही. ती पाठीत बाक न आणता चालायची आणि तपकिरीची चिमूट नाकाला लावण्याआधी समोरच्याकडे अशी बघायची, की समोरच्याला आपले सगळे गुन्हे आठवायचे. पण तिचाही रेडिओ उन्हात ठेवलेला असायचा.

सेकाईची आणि सासऱ्यांची ओळख झाली ती लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात. ती हात धुवायचं पाणी घेऊन, गुडघे टेकून, खाली बघत अंगणात बसली होती. मुसाफारे एक लांब फळी घेऊन झगडत होते. सुनेशी सासऱ्याने कामाशिवाय बोलू नये, आणि बोललाच तर लांबून, असा रिवाज. ते म्हणाले, "सूनबाई, हे जरा धर."

तिने फळीचं टोक धरलं. ते म्हणाले, "अशीच. हलू नको. आलोच." आणि गेले.

नदीवर कुणाच्या तरी बैलाने खूर वर केला होता. तिथून ते कुणाच्या तरी छपरावर गेले. तिथून कुणाच्या तरी रेडिओकडे. ऊन डोक्यावर आलं, कललं. नव्या सुनेने सासऱ्याने दिलेली फळी खाली ठेवली तर चालतं का, हे सेकाईला कुणी शिकवलं नव्हतं; म्हणून ती धरून उभी राहिली. जाणारीयेणारी माणसं तिच्याकडे बघून हसत होती. तिला वाटलं, नवी सून म्हणून कौतुकाने हसतायत.

दिवस मावळताना मुसाफारे परतले आणि तिला तशीच बघून जागच्या जागी थबकले. मग फळीकडे बघितलं, मग तिच्याकडे. त्या संध्याकाळी जेवताना ते सगळ्यांना म्हणाले, "या घरात हुशार माणसं पुष्कळ आली. पण धरलेलं शेवटपर्यंत धरणारं आजवर कुणी आलं नव्हतं."

"मूर्ख आहे ती," आत्याबाई म्हणाल्या.

"असेल. पण फळी सरळ राहिली."

त्या दिवसापासून सेकाईला घरात एक हुद्दा मिळाला. सासरे काहीही करत असोत, ती दुसरं टोक धरायची. शिडी धरायची, कंदील धरायची, बकरीचा पाय धरायची, चेंजेराईचं डोकं धरायची. तोंडाने मदत करायला गेली की काम बिघडायचं, म्हणून मुकाट्याने धरायची. आत्याबाईंना हे मुळीच पसंत नव्हतं. "सासरा आणि सून एकाच करवतीची दोन टोकं धरून! काय म्हणतील लोक?" मुसाफारे म्हणायचे, "लोक म्हणतील, लाकूड कापतायत."

आणि काम करताना त्यांचं तोंड सुरू असायचं. लाकडाशी, खिळ्यांशी, बकरीशी. स्क्रू आत शिरेना की त्याला म्हणायचे, "चला जावईबुवा, आत चला. सासुरवाडीत इतकं लाजून कसं चालेल?" सेकाई हसू दाबायची आणि हसू दाबताना फळी हलायची. "हललीस!" ते ओरडायचे. तिला वाटायचं, जगातली सगळी हुशार माणसं करवतीच्या पलीकडच्या टोकाला असतात आणि आपण या टोकाला. पण हे टोकही कुणीतरी धरायला हवंच ना! एवढं म्हणून ती स्वतःची समजूत घालायची, आणि मग गुठळ्यांचा साझा वाढायला जायची.

असे ते मुसाफारे. नावाचा अर्थ 'आनंदून जाऊ नका'. तोही कुणा शेजाऱ्याला धाडलेला निरोप. शेजाऱ्यांनी तो कधी मनावर घेतला नाही.

आता ते स्वयंपाकाच्या गोल झोपडीत शांत पडले होते. शवपेटी बाजारातून तयार आणली होती. हे कळलं असतं तर उठून बसले असते. झोपडीत बायका गात होत्या, बाहेर शेकोटीभोवती पुरुष बसले होते. हिवाळा संपत आला होता. म्सासाच्या झाडांना लाल पालवी फुटली होती आणि टेकडी पेटल्यासारखी दिसत होती. पुरायला खड्डा खणून झाला होता. नक्कल तेवढी बाकी होती.

आत्याबाईंनी सेकाईला धान्याच्या कोठारामागे बोलावलं. तिथे आधीच लव्हनेस उभी होती, धाकटी जाऊ. लव्हनेस हरारेला राहायची. तिकडच्या देवळातल्या नाटकांत ती एकदा शहाणी राणी आणि एकदा सैतान झाली होती आणि दोन्ही वेळा लोक रडले होते.

"काय गं," आत्याबाई म्हणाल्या, "जमणार आहे का तुला?"

सेकाईने गुडघे टेकले. "प्रयत्न करते, आत्याबाई."

"प्रयत्न शाळेत कर. इथे माझ्या भावाला पाठवायचंय. तालुक्यातून माणसं आलीत. ज्याचा दात काढला नाही, केस कापले नाहीत असा एक माणूस नाही अंगणात. ती जर हसली नाहीत ना, तर माझा भाऊ या घरातून परक्यासारखा जाईल. जमत नसेल तर आत्ताच सांग. लव्हनेस करेल."

"वहिनी, मनाला लावून घेऊ नका," लव्हनेस म्हणाली. ती मनाने खरोखर चांगली होती, त्यामुळे तिच्यावर रागावताही येत नसे. "मी म्हातारा अगदी हुबेहूब करते. बघा." आणि तिने पाठ वाकवली, हनुवटी पुढे काढली, काठी टेकत चार पावलं टाकली. पाहणाऱ्याने उठून जागा द्यावी असा म्हातारा उभा राहिला.

सेकाई बघत राहिली. सुरेख होता तो म्हातारा. फक्त तो मुसाफारे नव्हता. मुसाफारेंची पाठ कधी वाकली नव्हती, आणि काठी त्यांच्या हातात आली असती तर त्यांनी तिचा स्टुलाचा पाय केला असता. लव्हनेसने त्यांना पाहिलं होतं ते नाताळात, नव्या सदऱ्यात, पाहुण्यांशी पाहुण्यासारखं बोलताना.

शहाण्या बाईने अशा वेळी जावेला पुढे केलं असतं. सेकाई कसली शहाणी! तिच्या तोंडून निघून गेलं, "मीच करणार."

म्हणून झाल्यावर तिला घाम फुटला. 'हात दाखवून अवलक्षण' म्हणतात ते हेच.

तयारीला फार वेळ नव्हता. तिने सासऱ्यांचा तपकिरी कोट घातला. तो तिला घोट्यापर्यंत आला. टोपी घातली, ती भुवयांपर्यंत आली. तारेने बांधलेला चष्मा लावल्यावर अंगण पाण्याखाली गेल्यासारखं दिसायला लागलं. गळ्यात दोरी अडकवली, खांद्यावर करवत, खिशात पकड, हातात म्बिरा. कोठारामागे तिने म्बिराच्या दोन पट्ट्या छेडून बघितल्या. शेजारी दाणे टिपणारी कोंबडी उठून दुसरीकडे गेली.

"जा," आत्याबाई म्हणाल्या. "देव तुझं भलं करो. माझ्या भावाचंही."

अंगणात माणसं दाटीवाटीने बसली होती. गावप्रमुख खुर्चीवर, पाद्रीबाबा बाकावर, बाकी जमिनीवर. बायका गायच्या थांबल्या.

सेकाई चालत आली. म्हणजे चालायचा बेत होता. कोटाच्या टोकावर पाय पडला आणि ती धावत आली. कुणी हसलं नाही. उलट पुढच्या रांगेतल्या एका भल्या माणसाने तिला सावरायला हात पुढे केला. नाचता येईना आणि अंगण तर खरोखरच वाकडं होतं, मुसाफारेंनीच सपाट केलेलं.

ती मधोमध उभी राहिली आणि म्बिरा वाजवायला लागली. एक पट्टी बोलली, दुसरी रुसली, तिसरी अशी केकाटली की शेकोटीजवळच्या कुत्र्याने कान टवकारले. माणसं सभ्य होती. सगळ्यांनी जमिनीकडे बघितलं. मयताच्या घरी माणसांनी जमिनीकडे बघावं हे एरवी ठीक, पण सुनेची नक्कल चालू असताना बघावं म्हणजे अगदीच झालं.

घाबरलेल्या बाईचं जे होतं तेच तिचं झालं. तिच्यातली भूगोलाची बाई जागी झाली. ताठ उभी राहून, शाळेच्या बक्षीस समारंभात बोलावं तशी ती बोलायला लागली: "दिवंगत मुसाफारे हे एक अष्टपैलू व्यक्तिमत्त्व होते. सुतारकाम, संगीत आणि पशुसेवा अशा विविध क्षेत्रांत त्यांनी मोलाची कामगिरी बजावली. त्यांचा स्वभाव शांत आणि मितभाषी—"

"थांबा, थांबा!" मागून चेंजेराई उठून उभा राहिला. दोन दातांची खिंड दाखवत तो शेजाऱ्याला म्हणाला, "अरे, हा कोण माणूस? आपण कुणाच्या मयताला आलोय? मितभाषी? माझी बस चुकली की काय?"

थोडी माणसं हसली. पण ती चेंजेराईला हसली. सेकाईने आत्याबाईंकडे बघितलं. पाण्याखालून आत्याबाई अस्पष्ट दिसत होत्या, पण त्यांनी मान फिरवून लव्हनेसकडे पाहिलं तेवढं स्पष्ट दिसलं. लव्हनेस डोकीचं फडकं सारखं करून उठायला लागली.

'गेलं,' सेकाईला वाटलं. 'धरून ठेवण्यापलीकडे मला काही येत नव्हतं. आज धरायला समोर माणूसही नाही.' डोळे भरून आले. चष्म्याखालून ते पुसायला हात हवा होता, आणि हातात म्बिरा होता. टोपी नाकावर उतरत होती, दोरी गळ्याला काचत होती. शेजारच्या बाकावर कुणीतरी बसलेलं होतं. तिने न बघताच म्बिरा त्याच्या मांडीवर ठेवला.

"हे जरा धरा," ती म्हणाली.

अंगणात कुठेतरी एक बाई फस्सकन हसली. सेकाईने टोपी वर करून बघितलं. बाकावर पाद्रीबाबा बसले होते. ज्या वाद्याबद्दल त्यांनी दर पावसाळ्यात एक प्रवचन दिलं होतं, ते मांडीवर घेऊन, दोन्ही हात हवेत ठेवून, तान्हं पोर अंगावर ओलं करणार असल्यासारखे.

"हात वर काय करताय?" सेकाईच्या तोंडून निघालं. आवाज कुठून आला ते तिचं तिलाच कळेना. "नीट धरा. दोन्ही हातांनी. हलू नका, हललात की सगळं बिघडतं. चावत नाही ते, बाबा. आलोच."

आणि ती वळली.

आता अंगणात सगळे हसत होते. 'आलोच' हा शब्द ऐकून तालुक्यातली निम्मी माणसं कधी ना कधी खांब, शिडी नाही तर परक्याची बकरी धरून उन्हात उभी राहिलेली होती. सेकाईला वाटत होतं, धरून ठेवणारी काय ती आपणच. आणि आता समोर सगळं अंगण तिच्याकडे ओळखीच्या डोळ्यांनी बघत होतं.

"प्रमुखसाहेब, उठा. खुर्चीला पाय किती? चार? मग मी केलेली नाही. असे या. हे करवतीचं टोक धरा. त्या टोकाला कोण? तू ये रे, तुझ्या बापाचे केस मी कापायचो, तोही असाच हलायचा. धरलंत? हं. आलोच."

गावप्रमुख करवत धरून उभे राहिले. दोरीचं एक टोक तिने शवपेटी उचलायला आलेल्या चौघांच्या हातांत दिलं, "ताणून धरा, सैल सोडलीत तर विहिरीत जाईल." विहीर कुठली, हे कुणी विचारलं नाही, मुसाफारेंनाही कुणी विचारत नसे. चेंजेराई तर न बोलावताच पुढे येऊन, आ करून बसला. ती पकड घेऊन वाकली. "चला जावईबुवा, बाहेर या, इतकं लाजायचं नाही... अरे! हा चांगला होता. चेंजेराई, असाच बस. तोंड मिटू नको. आलोच."

आ केलेला चेंजेराई त्याच आ मधून हसायला लागला आणि हसता हसता त्याच्या गालांवरून पाणी वाहायला लागलं. झोपडीच्या दारातल्या बायका एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. तगारिरा गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. तो हसतोय की रडतोय ते नुसत्या हलणाऱ्या खांद्यांवरून कळत नव्हतं.

दोरीचं दुसरं टोक उरलं होतं. सेकाई त्याच ओघात आत्याबाईंसमोर जाऊन उभी राहिली. आणि मग आपण काय करतोय ते तिच्या लक्षात आलं. पण तोवर तोंड पुढे गेलं होतं.

"मुचानेता," ती म्हणाली. त्यांना नावाने हाक मारणारा गावात एकच माणूस होता. "धर जरा."

आत्याबाईंनी तिच्याकडे बघितलं, मग दोरीकडे. हात पुढे केला आणि टोक धरलं.

"कधी येशील?" त्यांनी विचारलं.

"आलोच."

सेकाई झोपडीकडे चालायला लागली. पाठीमागे तिला आत्याबाईंचा आवाज आला, आजवर कधी न ऐकलेला, बारीक, पोरीसारखा. "लहानपणी गुरं राखताना असंच म्हणायचा गं... आलोच म्हणायचा आणि मला वासराची दोरी धरून उभी करायचा..." आणि ताठ पाठीच्या आत्याबाई सगळ्यांदेखत, दोरीचं टोक न सोडता, मोठ्याने रडायला लागल्या. मग बायकांनी गाणं उचललं, आणि कुणीतरी ढोलावर हात टाकला.

झोपडीच्या दारात जाऊन सेकाई थबकली. काहीतरी राहिलं होतं. तिने मागे वळून बघितलं. पाद्रीबाबा म्बिरा घेऊन, गावप्रमुख करवत घेऊन, चौघे दोरी घेऊन, चेंजेराई आ करून, आत्याबाई डोळे पुसायला हात मोकळा नाही म्हणून खांद्याला डोळे पुसत. परत आल्यावर मुसाफारे जे न चुकता म्हणायचे, ते तिने दोन्ही हात कमरेवर ठेवून म्हटलं:

"तुम्ही सगळे अजून इथेच? कामंधामं नाहीत का रे तुम्हाला?"

त्या हसण्याने कोठारावरची कबुतरं उडाली. पुरुषांनी हातात होतं ते टाकलं आणि शवपेटी उचलली. पाद्रीबाबांना म्बिरा कुठे ठेवावा ते कळेना. शेवटी तो काखेत घेऊनच त्यांनी कबरीवर प्रार्थना म्हटली, आणि वरच्यांपैकी कुणीही कुरकुर केल्याचं ऐकिवात नाही.

माती देऊन माणसं परतली, हात धुतले, जेवायला बसली. साझा लव्हनेसने केला होता, त्यामुळे सगळे पोटभर जेवले. लव्हनेस वाढता वाढता सेकाईच्या कानाशी लागली. "वहिनी, शिकवाल का मला?" सेकाईला आयुष्यात पहिल्यांदा कुणी काही शिकवा म्हणून म्हटलं होतं. तिने इतक्या घाईने मान डोलावली की टोपी आमटीत पडली.

इतक्यात आत्याबाईंचं बोलावणं आलं. त्या आंब्याच्या झाडाखाली चटईवर बसल्या होत्या, पाठ पुन्हा ताठ. सेकाईने कोट सावरून गुडघे टेकले, टाळी वाजवली, नजर खाली केली. नावाने हाक मारल्याचा निकाल आता लागणार होता.

"चाल जमली नाही," आत्याबाई म्हणाल्या.

"नाही जमली, आत्याबाई."

"वाजवलंस ते तर शत्रूच्या मयताला वाजवू नये."

"हो."

"मितभाषी म्हणे!"

"चुकलं."

आत्याबाईंनी तपकिरीची डबी काढली, चिमूट घेतली, आणि ती बोटांतच धरून रिकाम्या झोपडीकडे बघितलं.

"उद्यापासून माझ्याकडे नीट बघत जा," त्या म्हणाल्या.

"म्हणजे काय, आत्याबाई?"

"म्हणजे काय म्हणजे काय? मी काय अमर आहे? माझ्या वेळी तूच करायचं. ती हरारेची नको. ती मला म्हातारी करून टाकेल." चिमूट नाकाला लागली. "आणि ही तपकीर त्यात आणायची नाही. शिंका तर मुळीच नाहीत. मी चालते कशी, बोलते किती हळू, लोकांशी वागते किती मायेने, ते बघ. हे बघ, आत्तापासूनच बघ."

त्या उठल्या आणि अंगणातून चालायला लागल्या. इतक्या डौलात चालताना त्यांना कुणीच कधी पाहिलं नव्हतं. मध्येच वळून त्यांनी सेकाई बघतेय ना याची खात्री केली. लव्हनेसजवळ थांबून, मध ओतावा तशा आवाजात म्हणाल्या, "दमलीस का गं बाळ? दोन घास खाऊन घे हं." लव्हनेसच्या हातातून ताट निसटता निसटता राहिलं. पुढे जाऊन त्यांनी एका परक्या म्हातारीच्या खांद्यावरून हात फिरवला आणि ती म्हातारी घाबरून उठून उभी राहिली.

मग त्यांची नजर विहिरीकडे गेली. तिथे दोन पुण्यवान बायका मयताची मोठी पातेली मातीने घासण्याऐवजी नुसती पाण्याने विसळून उपडी घालत होत्या.

"अगं ए!" आत्याबाईंचा आवाज टेकडीवरून परत आला. "हात झिजतील का तुमचे? तुमच्या सासरी चालत असेल असलं! आण इकडे ते पातेलं!" डावा हात कमरेवर, उजव्या हाताचं बोट आभाळात, मान तिरपी, आणि वाक्याच्या शेवटी एक जोरदार शिंक.

झाडाखाली बसल्या बसल्या सेकाईचा डावा हात हळूच कमरेवर गेला. मान थोडी तिरपी झाली. बोट वर जाणार एवढ्यात तिला जाणवलं, की विहिरीपाशी बोलणं थांबलंय आणि आत्याबाई पातेलं हातात घेऊन तिच्याकडेच बघतायत.

तिने घाईघाईने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि जमिनीकडे बघितलं.

"शिंक नको म्हणून सांगितलं ना!" आत्याबाई ओरडल्या.

"मी शिंकले नाही, आत्याबाई!"

"शिंकणार होतीस!"

आणि ते मात्र खरं होतं.